वस्तरा आणि हलका हात

वस्तऱ्याभोवती आपल्याकडे उगीच भीतीचे वलय आहे. रोज स्वहस्ते दाढी करणारा गृहस्थही वस्तऱ्याचे नाव काढताच गालावर हात ठेवतो. माझ्या मते वस्तरा शिकण्यासारखा आहे. आणि तो शिकताना प्रथम ध्यानात येते ते हे, की ज्यांच्यापुढे आपल्या घरातील पिढ्या मान वर करून बसल्या, त्यांच्या विद्येला आपण विद्या म्हटलेच नाही.

मला हे उमगले उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता आणि तालुक्याचे नाव सुपे होते. ते सुपे गाव पुढे काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथल्या मुक्कामात एका वृद्ध नाभिकाने मला वस्तरा धरावयास शिकविले.

पहिले आठ दिवस वस्तरा गालाला लागलाच नाही. कातडी पट्ट्यावर तो पाठीकडून ओढावयाचा, धार मागून यावी. परतताना पाठीवरच उलटावयाचा. दगडावर मात्र धार पुढे. एवढे हातात बसल्यावर ऊन पाण्याने दाढी चांगली भिजवावयाची, फेस करावयाचा, मोकळ्या हाताने कातडी ताणावयाची, आणि पाते गालाशी सुमारे ३० अंशांत धरून केसांच्या कलाने आखूड आखूड फिरवावयाचे. आडवे सरकवावयाचे नाही. “वस्तऱ्याचं वजन पुरतं, साहेब, हाताचं घालू नका,” एवढेच ते म्हणत. सारी सुखाची दाढी या एका वाक्यात आहे. गाल जळजळतो तो बोथट धारेमुळे आणि दाबलेल्या हातामुळे. काम आटोपल्यावर गार पाणी, तुरटी. आणि तिकडच्या पावसात पोलादास लगेच गंज चढतो, म्हणून पाते कोरडे पुसून त्यावर खोबरेलाचा हात.

अमेरिकेत किंग जिलेट यांना १९०४ साली सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट मिळाले. घाईच्या माणसाची त्याने मोठी सोय झाली. आता केशकर्तनालयातही दर गिऱ्हाइकास नवे पाते लावतात, आणि रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा विचार करता ते योग्यच आहे. परंतु फेकून द्यावयाच्या पात्याला पट्टाही लागत नाही, दगडही लागत नाही. अर्धी विद्या तेथेच निकामी झाली. उरलेली अर्धी, म्हणजे हलका हात, जुन्या माणसांबरोबर चालली आहे.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन काढून हातकामास शाळेत मान दिला, याचा आपल्या घरांना रास्त अभिमान आहे. पण त्याच घरांतून न्हावी ओसरीच्या आत येत नसे, आणि श्मश्रू झाली की यजमान स्नान करून शुद्ध होत. ज्याच्या हाती निर्धास्तपणे गळा द्यावयाचा, त्याचाच विटाळ मानावयाचा! ही विसंगती कोणास खुपली नाही.

ज्यांच्या कपाटात आजोबांचा वस्तरा पडून असेल, त्यांनी तो अवश्य बाहेर काढावा. मात्र तो घेऊन प्रथम एखाद्या जुन्या नाभिकाकडे जावे, त्यास घरी बोलवावे, आतल्या खोलीत मानाने बसवावे आणि ‘शिकवा’ म्हणून विनवावे. शिकवणीचे योग्य ते मोल द्यावे. गायन शिकविणाऱ्यास आपण गुरुजी म्हणतो. येथेही तोच शब्द वापरण्यास हरकत नसावी.