दगडांच्या गावी दगडांची बाग

जपानी उद्यानाची हौस आपल्याकडे बरीच वाढली आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामा येथील कोराकुएनच्या धर्तीवर उद्यान झाले, त्यास पु. ल. देशपांडे यांचे नाव आहे. ते मला मनापासून आवडते. परंतु आपल्या हैदराबादेत एका नव्या वसाहतीत मूळचे खडक सुरुंगाने उडवून त्याच जागी बाहेरून आणलेले गोटे सिमेंटात बसवलेले पाहिले, आणि वर 'जपानी बाग' अशी पाटी! याला काय म्हणावे?

'साकुतेइकी' हा ११व्या शतकातील जपानी उद्यानग्रंथ. त्यात 'दगड उभे करणे' म्हणजेच बाग रचणे. दगडाचा कल ओळखून त्याप्रमाणे त्यास बसवावे, मुळात उभा असलेला दगड आडवा करणे अशुभ, असे तो सांगतो. दगडाचा तळ जमिनीत पुरतात, म्हणजे तो तिथलाच वाटतो. क्योतोच्या र्योआनजी मंदिरात पांढऱ्या खडीवर १५ दगड आहेत; ओसरीवर कोठेही बसा, एक तरी नजरेआड राहतोच.

एवढा खटाटोप कशासाठी? माणसाने मांडलेला दगड निसर्गाने मांडल्यासारखा दिसावा म्हणून. आपल्याकडे तर निसर्गानेच मांडून ठेवले आहे! येथील ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचे. भेगांत पाणी मुरले, कोपरे झिजले, माती वाहून गेली आणि एकावर एक तोललेले गोल धोंडे उरले. (आमच्या कानडी मित्रांचा 'बंडे' आणि तेलुगूतील 'बंड' हे एकच, शेजारधर्म शब्दांतही असतो.) हैदराबाद विद्यापीठाच्या आवारातील 'मशरूम रॉक' एकदा पाहून यावा. कोणत्या माळ्याला तो जमला असता?

"मग घरे बांधूच नयेत काय?" असे कोणी विचारील. बांधावीत की! गोवळकोंड्याच्या बांधणाऱ्यांनी धोंडे न हलवता तटात सामावून घेतले. बंजारा हिल्सवरील काही घरांच्या अंगणात धोंडा तसाच आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या 'सोसायटी टु सेव्ह रॉक्स' या संस्थेने हेच सांगत खडकांच्या सहली काढल्या.

माझी सूचना साधी आहे. बांधकामाच्या नकाशावर जागेतील मोठे धोंडे दाखवणे सक्तीचे करावे, आणि कोणता फोडणार व का, हे मालकाने लिहून द्यावे. तोवर आपल्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी सुटीत आपापल्या मोहल्ल्यातील धोंड्यांची नोंद करावी. मराठी-कानडी दोन्ही विभागांनी मिळून केली तर उत्तमच.