दारूगोळ्याच्या कुंपणालगतचे संसार

मे २०२५ मध्ये, ७ तारखेपासून १० तारखेच्या संध्याकाळपर्यंत, देश युद्धाच्या छायेत वावरला. सीमेवरील जवानाच्या घरी आई-वडिलांचे आणि पत्नीचे ते दिवस कसे गेले असतील, हे सर्वांनी ओळखले आणि त्यांच्याविषयी सर्वत्र आदराने बोलले गेले. ते योग्यच झाले. परंतु लढणाऱ्या देशात आणखीही काही घरे असतात. तोफेत भरला जाणारा गोळा कोणीतरी बनवतो, कोणीतरी साठवतो, कोणीतरी पाठीवर वाहतो आणि तो जुना झाला की कोणीतरी खड्ड्यात ठेवून नष्ट करतो. या माणसांची गणना कोणत्याही सैन्यात होत नाही. शस्त्रसंधी झाला म्हणून त्यांचे युद्ध थांबत नाही. अशी घरे पाहण्यासाठी सीमेवर जाण्याची गरज नाही. ती वर्धा जिल्ह्यातच आहेत.

देवळी तालुक्यातील पुलगाव येथे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. सुमारे सात हजार एकरांवर पसरलेले हे भांडार देशातील सर्वांत मोठे मानले जाते. निरनिराळ्या कारखान्यांत तयार झालेला दारूगोळा येथे येतो आणि येथून सैन्याच्या तळांकडे रवाना होतो. कुंपणाच्या आत लष्कराचे जग आहे. कुंपणाच्या बाहेर आगरगाव, नागझरी, सोनेगाव (आबाजी) अशी कापूस-सोयाबीन पिकवणारी खेडी आहेत. या खेड्यांतील माणसे वावरात राबतात, पोरांना शाळेत धाडतात, लग्नकार्ये करतात. देशाच्या युद्धसामग्रीचा मोठा साठा आपल्या शेजारी आहे, हे मात्र त्यांना रात्री झोपतानाही विसरता येत नाही.

या जिल्ह्याचा आणि युद्धाचा संबंध जुना आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा भारताला न विचारता त्याला युद्धात ओढणाऱ्या ब्रिटिश सरकारला काँग्रेस कार्यकारिणीने जाब विचारला, तो वर्ध्याच्या बैठकीत. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबा भावे यांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. जुलै १९४२ मध्ये इंग्रजांना चालते व्हा असे सांगणारा ठराव कार्यकारिणीने संमत केला, तोही वर्ध्यातच. त्यानंतर सुमारे महिनाभराने, १६ ऑगस्टला, याच जिल्ह्यातील आष्टी येथे लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला आणि गोळ्या झेलल्या. जिल्ह्याच्या एका भागात युद्धाला नकार देण्याचे हे पर्व चालू असताना, त्याच महायुद्धाच्या धामधुमीत दुसऱ्या भागात पुलगावच्या दारूगोळा भांडाराचा पाया घातला जात होता. वर्ध्याची ओळख सांगताना आपण सेवाग्राम आणि पवनारची नावे घेतो. पुलगावचे नाव त्या ओळीत येत नाही. पण इतिहासाने ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्याच्या पदरात टाकली आहेत.

त्या महायुद्धाने सामान्य कुटुंबाची काय दशा केली, हे जुन्या पिढीने अनुभवले. रणांगण हजारो मैल दूर होते, पण धान्य महागले, रॉकेल दिसेनासे झाले, कापडावर नियंत्रण आले. कापूस पिकवणाऱ्या आणि हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांत सूत काढणाऱ्या या मुलखातही अंगभर कापड मिळण्याची मारामार झाली. बंगालमध्ये तर १९४३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. युद्धाचा खर्च अखेर गरिबाच्या चुलीवर येऊन पडतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता. आज त्याचे स्वरूप बदलले आहे. आज रेशनच्या रांगेऐवजी तो रोजंदारीच्या रांगेत दिसतो.

३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पुलगाव भांडारातील एका साठागृहाला आग लागली आणि स्फोटांनी परिसर हादरला. आग विझवण्यासाठी धावलेल्यांपैकी दोन लष्करी अधिकाऱ्यांसह १९ जण प्राणास मुकले. मृतांत बहुसंख्य अग्निशमनाचे काम करणारी माणसे होती. आसपासच्या खेड्यांतील स्त्री-पुरुष मुलाबाळांना घेऊन अंधारात घराबाहेर पडले. जखमींना सावंगी (मेघे) येथील रुग्णालयात हलवण्यात आले. त्या रुग्णालयाला नाव आहे आचार्य विनोबा भावे यांचे. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून झिरपलेली स्फोटक द्रव्ये हे या आगीचे कारण असल्याचे पुढे चौकशीतून आले. म्हणजे शत्रूचा एकही गोळा न पडता, शांततेच्या काळात, आपल्याच कारखान्यात बनलेल्या सदोष मालाने १९ घरांतील कर्ते पुरुष नेले.

अडीच वर्षांनंतर, २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी, सोनेगाव (आबाजी) जवळील मैदानावर दुसरी दुर्घटना घडली. जबलपूरजवळच्या खमरिया कारखान्याचा निकामी दारूगोळा तेथे नष्ट करण्यासाठी आणला होता. पेट्या उतरवल्या जात असताना स्फोट झाला आणि ६ जण ठार झाले. त्यांत खमरिया कारखान्याचा एक कर्मचारी होता. बाकीचे बहुतेक आसपासच्या खेड्यांतून कंत्राटदाराने रोजंदारीवर आणलेले मजूर होते. खड्डे खणणे, पेट्या वाहणे, स्फोटानंतर उरलेले धातूचे भंगार गोळा करणे ही त्यांची कामे. स्फोटकांची हाताळणी हे जगातील अत्यंत जोखमीच्या कामांपैकी एक आहे. आपल्या व्यवस्थेने ते हमालीच्या दराने ठेक्यावर दिले.

या दोन दुर्घटनांतील फरक आपण नीट पाहिला पाहिजे. २०१६ चे मृत हे सेवेत असलेले होते. त्यांची नावे कुठल्या ना कुठल्या सरकारी पटावर होती, त्यांच्या मागे त्यांच्या कुटुंबांचा सेवेच्या नियमांनुसार काही हक्क होता. २०१८ च्या मजुरांचे नाव होते ते कंत्राटदाराच्या हजेरीवर. दोघांचेही मरण एकाच राष्ट्रीय कार्यात आले. परंतु एकाच्या पत्नीला हक्क मागता येतो आणि दुसऱ्याच्या पत्नीला मदतीची याचना करावी लागते. मरणातही ही दोन वर्गांची उतरंड टिकून राहते.

काहीजण विचारतील, माणसे असल्या कामाला जातातच कशाला? याचे उत्तर वर्ध्याच्या शेतीत आणि गिरण्यांच्या थंड पडलेल्या धुराड्यांत आहे. पुलगावची कापडगिरणी बंद पडली, हिंगणघाटच्या गिरणीची गतही तीच झाली. कोरडवाहू कापसाने कर्ज फिटत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. नोव्हेंबर हा कापूस वेचणीचा हंगाम असतो. त्या हंगामातही माणूस वावर सोडून बॉम्बच्या पेट्या उतरवायला जात असेल, तर ते धाडस नव्हे. संध्याकाळी हातात रोख मजुरी पडण्याची ती निकड आहे. घरातील बाईला धोका ठाऊक असतो, पण किराणा दुकानाची उधारीही ठाऊक असते. अशा निवडीला स्वेच्छा म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

आणि हे केवळ पुलगावपुरते राहिलेले नाही. २०२२ पासून युक्रेनमध्ये जे युद्ध भडकले, त्याने जगभर दारूगोळ्याची मागणी वाढवली. नागपूरच्या परिसरात स्फोटकांचे खाजगी कारखाने उभे आहेत. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावजवळच्या कारखान्यातील स्फोटात ९ कामगार दगावले, त्यांपैकी ६ स्त्रिया होत्या. जून २०२४ मध्ये धामणा येथील कारखान्यात स्फोट झाला आणि तेथेही मृतांमध्ये तरुण मुलींचे प्रमाण मोठे होते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळील जवाहरनगरच्या सरकारी कारखान्यात स्फोट होऊन किमान ८ कामगार मृत्युमुखी पडले. ज्या घरांत पूर्वी मुलगी शेतमजुरीला जात होती, त्या घरांतील मुलगी आता वात आणि दारू हाताळते. तिच्या मजुरीवर धाकट्या भावंडांचे शिक्षण चालते. युद्धकाळातील कुटुंब म्हणून आपण ज्या चित्राला नमस्कार करतो, त्यात या मुलीला जागा नाही.

याबाबत दोन प्रकारचे आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, हा राष्ट्रीय सुरक्षिततेचा विषय आहे, त्यावर उघड चर्चा नको. साठ्याची जागा आणि आकडे गुप्त राहावेत, हे आम्हाला मान्य आहे. परंतु मजुराची मजुरी, त्याचा विमा, त्याला दिलेले प्रशिक्षण आणि त्याच्या मृत्यूची भरपाई यांत कोणते लष्करी गुपित आहे? गुप्ततेचा पडदा साठ्यासाठी आहे, कंत्राटदाराच्या वहीसाठी नाही. दुसरा आक्षेप आपल्याच बाजूने येतो. आपण युद्धविरोधी, मग शस्त्रांच्या कामगारांचे प्रश्न आपण का घ्यावेत? हा आक्षेप गंभीर आहे, पवनारचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात तर अधिकच. आमचे उत्तर असे की, शस्त्रे नसलेले जग आम्हाला हवे आहे, परंतु तोवर शस्त्रांचे ओझे कोणाच्या पाठीवर लादले जाते याविषयी आम्ही उदासीन राहू शकत नाही. युद्धाला विरोध करणे आणि युद्धाच्या गड्याला वाऱ्यावर सोडणे या एकाच भूमिकेच्या दोन बाजू होऊ शकत नाहीत. सामान्य माणसाचे मरण जोवर स्वस्त आहे, तोवर युद्धही स्वस्त राहील. मजुराच्या जिवाची किंमत वाढली, तरच राज्यकर्त्यांना युद्धाचा खरा हिशेब मांडावा लागेल.

कायद्याची दिशा मात्र उलटी आहे. २०२१ साली प्रथम अध्यादेश आणि मग कायदा आणून संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालण्यात आली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून सरकारी आयुध कारखान्यांचे सात कंपन्यांत रूपांतर झाले. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात २० मजूर ठेवणाऱ्या कंत्राटदाराला परवाना लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेने ती मर्यादा ५० वर नेली. मूळ कामात कंत्राटी मजूर ठेवण्यास या संहितेत बंदी आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. पण मूळ काम कशाला म्हणायचे याच्या व्याख्येतून जी कामे सामान्यतः वगळली आहेत, त्यांत सामानाची चढ-उतार आहे आणि अधूनमधून निघणारी कामेही आहेत. सोनेगावचे मजूर मेले ते पेट्या उतरवताना, आणि जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम तर अधूनमधूनच निघते. ज्या कामात माणसे मेली, नेमके तेच काम ठेकेदाराकडे राहू शकेल, अशी ही तरतूद आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. स्फोटकांची वाहतूक, चढ-उतार, साठवण आणि नाश या साखळीतील कोणत्याही टप्प्यावर कंत्राटी मजूर असता कामा नये. हे काम प्रशिक्षित आणि कायम कामगारांनीच करावे. या कामात मृत्यू आल्यास कंत्राटदाराची वाट न पाहता मूळ मालकाने भरपाई द्यावी. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने हे तत्त्व शंभर वर्षांपूर्वीच मान्य केले होते. सरकार स्वतः मालक असताना तरी त्यातून पळवाट शोधली जाऊ नये. दुर्घटनांच्या चौकशी अहवालातील सुरक्षिततेविषयीचा भाग मराठीत प्रसिद्ध करून ग्रामसभेपुढे ठेवला जावा. भांडाराच्या कुंपणालगतच्या खेड्यांना धोक्याची सूचना, निघण्याचे रस्ते आणि मागेल त्याला सन्मानाने पुनर्वसन मिळावे. मृत मजुराच्या पत्नीला निवृत्तिवेतन हक्काने मिळावे, कृपा म्हणून नव्हे.

जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे काम उघड आहे. देवळी तालुक्यातील प्रत्येक गावात कोण कोणत्या कंत्राटदाराकडे, कोणत्या मजुरीवर, कोणत्या कामाला जातो याची नोंद करावी. हजेरीपट, मजुरीची पावती आणि विम्याचा कागद मजुराच्या हाती आहे की नाही ते पाहावे. २०१८ मध्ये ज्या घरांतील माणसे गेली, त्या घरांत आज चूल कशी पेटते, मुले शाळेत आहेत की मजुरीला, याची विचारपूस करावी. बातमी जुनी झाली की वर्तमानपत्रे निघून जातात. चळवळीने तेथे पोहोचायचे असते ते त्यानंतर. आणि १७ ऑक्टोबरला पवनारचे स्मरण करताना यापुढे सोनेगाव (आबाजी) च्या मजुरांचीही आठवण त्याच सभेत काढली जावी.