म्हणे ट्रायपॉड हलका हवा!

‘प्रवासाला ट्रायपॉड हलकाच हवा’ हे दुकानदारांचं पालुपद आपले हौशी फोटोग्राफरही आळवतात. मला ते मुळीच मान्य नाही. मध्य प्रदेशात असूनही मराठी बोलणाऱ्या पांढुर्णा-सौंसरच्या संत्राबागांत जानेवारी-फेब्रुवारीत जाऊन बघा. आंबिया बहाराचं इवलंसं फूल मॅक्रोत घेताना ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढलात की संपलं, साधी झुळूकही फोटो हलवते. आपल्या सड्यावरचा जांभा निदान पाय रोवून धरतो, तिथली पाणी दिलेली काळी माती खचते. म्हणून दांडा न उचलता छातीपर्यंत येणारे, जमिनीलगत फाकणारे, जाड, तीन टप्प्यांचे पाय घ्या. दीड-दोन किलोंनी कुणाचा खांदा मोडत नाही. कार्बन फायबर परवडत नाही? ॲल्युमिनियम घ्या. काडीसारख्या कार्बनपेक्षा ते केव्हाही बरं.