व्याख्यान थांबते, खेळ थांबत नाही

मुंबई, प्रतिनिधी – दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मिळालेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि नोकरी सांभाळून शिकू पाहणाऱ्यांचा मोठा प्रश्न सुटला. पदवीचा दर्जा असा कागदावर निश्चित झाला. त्यासाठी लागणारा वेळ मात्र कोणत्याही परिपत्रकाने मिळत नाही, आणि घरोघरी खटके उडतात ते नेमके या वेळेवरूनच. पडद्यावर व्याख्यान सुरू आहे की खेळ, हे बंद दाराआडून कळत नाही.

आयोगाच्या नियमावलीनुसार एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. २० श्रेयांकांच्या सत्राला ६०० तास लागतात. वीस आठवडे धरले तर आठवड्याला ३० तास. आता विरार किंवा कल्याणहून लोकलने ये-जा करणाऱ्या नोकरदाराचा आठवडा पाहावा. एकूण १६८ तास. झोपेचे ५६, सहा दिवसांच्या नोकरीचे ५४, प्रवासाचे १८, आंघोळ-जेवण आणि घरकामाचे २१. उरतात १९. म्हणजे मोबाइलवर एकही खेळ नसला तरी हे गणित जुळत नाही. लोकलच्या गर्दीत उभ्याने ऐकलेले व्याख्यान जमेस धरले, तरी तूट फारशी भरून निघत नाही. नापास होण्याचे सारे खापर खेळावर फोडणाऱ्या पालकांनी ही बेरीज एकदा मांडून पाहायला हरकत नाही.

तरीही खेळ निर्दोष ठरत नाही. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान हवे तेव्हा थांबवता येते, ही त्याची सोय मानली जाते. शंभर खेळाडूंची ऑनलाइन लढाई सुमारे अर्धा तास चालते आणि मधूनच उठले तर सोबतचे गडी अडचणीत येतात. दारावरची बेल वाजली, आईने हाक मारली, कार्यालयातून फोन आला, की थांबते ते व्याख्यान. दोहोंत जे थांबू शकते, तेच दरवेळी माघार घेते.

वेळेच्या नियोजनाची लोकप्रिय सूत्रेही इथे तोकडी पडतात. इटलीच्या फ्रान्सेस्को सिरिलो यांनी रूढ केलेल्या ‘पोमोदोरो’ पद्धतीत २५ मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती असते. त्या पाच मिनिटांत अर्ध्या तासाची लढाई मावत नाही. प्रत्येकी एक मिनिटाचा बुद्धिबळाचा डाव मावतो. पण एका डावावर थांबतो कोण? आणि नियोजनाचे ॲप सजवण्यातच संध्याकाळ घालवणारेही कमी नाहीत.

सरकारी उपायांचा रोख वेगळाच आहे. सप्टेंबर २०२० मधील ‘पबजी मोबाइल’वरील बंदी सुरक्षेच्या आणि माहितीच्या गोपनीयतेच्या कारणावरून होती. २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांविरुद्ध आहे. चीनने २०२१ मध्ये आठवड्यातील ठरावीक दिवशी एकच तास खेळण्याचा दंडक घातला, तो अठरा वर्षांखालील मुलांना. पदवीचा विद्यार्थी बहुधा सज्ञान असतो. जागतिक आरोग्य संघटनेची जानेवारी २०२२ पासून लागू झालेली व्याख्याही तास मोजत नाही. खेळावरील ताबा सुटणे, इतर गोष्टींपेक्षा खेळालाच प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसूनही तो सुरू राहणे, तेही साधारणतः वर्षभर, हे ती पाहते. गृहपाठ देऊन रात्री दोन तास खेळणारा तिच्या मते रुग्ण नव्हे.

मग उरते विद्यापीठ. २०२० च्या नियमांनुसार सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के भार आहे. परीक्षा काही महिन्यांवर आणि खेळातले बक्षीस आज रात्री, अशी ही विषम लढत आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे उरलेले ३० टक्के आठवड्या-आठवड्याच्या छोट्या कामांत वाटणे नियमात बसते. ठरल्या वेळेचे थेट तासही घेता येतील. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवर संपर्कसत्रे होत, तेव्हा ती चुकली की चुकली. मागे नेऊन पुन्हा पाहायची सोय तिथे नव्हती.