संस्थांना कान हवेत

आपल्या शहरातील पुष्कळशा संस्थांची फेसबुकवरील पाने उघडून पाहावीत. सहकारी बँक असो, रुग्णालय असो, शाळा असो की कापडाची जुनी पेढी असो. तेथे सणासुदीच्या शुभेच्छा असतात, अध्यक्षांचा वाढदिवस असतो, नव्या शाखेच्या उद्घाटनाची छायाचित्रे असतात. त्याच छायाचित्रांखाली कोणी ठेवीदार आपले पासबुक अद्याप का मिळाले नाही, अशी पृच्छा करीत असतो; कोणी रुग्णाचा नातलग बिलातील चूक निदर्शनास आणून देत असतो. त्यांना कोणी उत्तर देत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर पुढच्या सणाच्या शुभेच्छा झळकतात! समाजमाध्यमांचा उपयोग कसा करावा यावर आज व्याख्याने होतात, शिबिरे भरतात, पगारी माणसे नेमली जातात. परंतु हे माध्यम बोलण्याइतकेच ऐकण्यासाठीही आहे, ही साधी गोष्ट या साऱ्या खटाटोपात बाजूस पडते, असे आम्हांस दिसते.

वृत्तपत्रातील जाहिरात, आकाशवाणी वा दूरचित्रवाणी यांवरून संस्था बोलत असे आणि ग्राहक ऐकत असे. त्याने रागावून पत्र लिहिलेच, तर ते व्यवस्थापकाच्या खणात जाऊन पडे. त्याची वार्ता तिसऱ्या माणसास नसे. आता तक्रार चारचौघांत होते आणि तिच्यावर धारण केलेले मौनही चारचौघांस दिसते.

या माध्यमाचा खरा उपयोग एका सरकारी खात्याने करून दाखविला, हे नमूद करण्यास आम्हांस संतोष वाटतो. सुरेश प्रभू हे नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत धावत्या गाडीतील प्रवासी ट्विटरवरून आपली अडचण कळवी आणि पुढच्या स्थानकात तिचे निवारण होई, असे प्रसंग वारंवार घडले. नोव्हेंबर २०१५ मध्ये शेगावहून एका प्रवासी स्त्रीने सहप्रवाशाच्या त्रासाविषयी संदेश पाठविला. गाडी भुसावळास पोहोचली तेव्हा रेल्वेचे पोलीस तिच्या मदतीस हजर होते. वृत्तपत्रांनी त्या वेळी मंत्र्यांच्या तत्परतेची वाखाणणी केली, ती योग्यच होती. तथापि यामागील यंत्रणेकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. आलेला संदेश दिल्लीच्या रेल्वे भवनात वाचला जाई. आरक्षणाच्या क्रमांकावरून गाडी व डबा निश्चित होई. काम संबंधित विभागाच्या व्यवस्थापकाकडे सोपविले जाई आणि तेथून पुढच्या स्थानकास आज्ञा सुटे. संदेश वाचणाऱ्याच्या पाठीशी आज्ञा देण्याचा अधिकार उभा होता. आज अनेक कंपन्यांत हे काम नुकत्याच पदवी घेतलेल्या एखाद्या तरुणाकडे दिलेले असते आणि ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ यापलीकडे एक अक्षर लिहिण्याची त्याला मुभा नसते. त्याच्याकडून कोणाचे समाधान व्हावे?

मुंबई पोलिसांचे उदाहरणही असेच आहे. डिसेंबर २०१५ च्या अखेरीस त्यांनी ट्विटरवर खाते उघडले आणि वाहतुकीचे नियम, अमली पदार्थ, संगणकावरील फसवणूक यांविषयी ते अशा खुमासदार भाषेत लिहू लागले की, खाकी गणवेशाला विनोदाचे वावडे असते हा समज दूर झाला. त्या कोट्यांचे अनुकरण पुढे अनेकांनी केले. परंतु २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई पाण्याखाली गेली, तेव्हा नागरिकांनी त्या खात्याकडे धाव घेतली ती कोटी वाचण्यासाठी नव्हे. कोणता रस्ता बंद आहे हे विश्वासाने कळावे म्हणून. अनुकरण करणाऱ्यांनी विनोद तेवढा उचलला.

ऐकण्याऐवजी तोंड दाबू पाहणाऱ्यांची काय गत होते, हे नेस्ले कंपनीने २०१० मध्ये अनुभवले. तिच्या किटकॅटसाठी लागणाऱ्या पामतेलापायी इंडोनेशियातील अरण्ये नष्ट होत आहेत, असा आरोप करणारी चित्रफीत ग्रीनपीस या संघटनेने प्रसृत केली. कंपनीने स्वामित्वहक्काचे कारण पुढे करून ती यूट्यूबवरून काढावयास लावली आणि फेसबुकवर जाब विचारणाऱ्यांना कुत्सित उत्तरे दिली. परिणामी जी चित्रफीत मोजक्यांनी पाहिली असती, ती जगाने पाहिली; आणि दोन महिन्यांच्या आत कंपनीला तेलखरेदीचे आपले धोरण बदलावे लागले. आरोपाची चौकशी करून तेच धोरण आधी जाहीर करता आले नसते काय?

मात्र समाजमाध्यमे म्हणजे कारभार नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या रेल्वेची आम्ही वर प्रशंसा केली, तिची उत्कल एक्स्प्रेस ऑगस्ट २०१७ मध्ये खतौलीजवळ रुळांवरून घसरून वीसहून अधिक प्रवासी प्राणांस मुकले. काही दिवसांतच आणखी एक अपघात झाला आणि प्रभूंनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा देऊ केला. तत्पर उत्तरांनी रुळांची देखभाल होत नसते. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. ज्याच्या हाती चांगला फोन आहे, ज्याला चार वाक्ये नेटकी लिहिता येतात, त्याची तक्रार तासाभरात सुटावी आणि खिडकीपाशी अर्ज घेऊन उभ्या असलेल्या वृद्धेला ‘उद्या या’ म्हणावे, ही समाजसेवा नव्हे. संदेशाने आलेली तक्रार आणि कागदावर आलेली तक्रार एकाच नोंदवहीत, एकाच क्रमाने लागली पाहिजे. अपवाद करावयाचा तर तो जिवाच्या वा अब्रूच्या संकटापुरताच करावा.

तक्रारदाराचा दूरध्वनी व खाते क्रमांक चव्हाट्यावर मागू नये, हे तर कोणत्याही बँकेला सांगावे लागू नये. उघड्यावर लिहिलेली तक्रार हेरून, ‘आम्ही बँकेतूनच बोलतो आहोत’ अशी बतावणी करणारे भामटे टपलेलेच असतात.

शिवाय हे घर भाड्याचे आहे. मालकाची मर्जी फिरली की नियम फिरतात. ट्विटरने नोव्हेंबर २०२२ मध्ये ओळखीची निळी खूण पैसे घेऊन देण्यास आरंभ करताच कोणा खोडसाळाने एली लिली या औषध कंपनीचे खोटे खाते काढून इन्सुलिन फुकट मिळेल असे जाहीर केले आणि कंपनीस माफी मागावी लागली. एप्रिल २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या रेल्वे-बस महामंडळाने गाड्यांच्या विलंबाच्या सूचना ट्विटरवर देणेच थांबविले. कारण त्यासाठी दरमहा ५० हजार डॉलरपर्यंत आकार पडेल असे दिसू लागले होते. पुढच्याच महिन्यात ट्विटरने सार्वजनिक सेवांपुरता तो आकार मागे घेतला. त्या मधल्या दिवसांत महामंडळाचे स्वतःचे संकेतस्थळ व स्थानकांतील फलक यांवर प्रवाशांची भिस्त राहिली. आपल्याकडील उपनगरी गाड्या, बससेवा व महापालिका यांनी ध्वनिक्षेपक, फलक आणि चौकशीची खिडकी यांवरील खर्च कमी करण्याचे समर्थन समाजमाध्यमांच्या नावाने करू नये.

आमची मागणी माफक आहे. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेने दरमहा आपल्या याच पानांवर तीन आकडे प्रसिद्ध करावेत: किती तक्रारी आल्या, किती मिटल्या, आणि मिटल्या असे तक्रारदारांपैकी किती जण म्हणतात. महापालिकेने येत्या पावसाळ्यापूर्वीच त्याचा प्रारंभ करावा.