भिडूंचा करार

मागल्या पावसाळ्यातील गोष्ट. सुरतेतील एका क्लबात ब्रिजच्या मेजावर आम्ही बसलो होतो. आमच्या उजव्या हाताच्या गृहस्थांनी ‘एक इस्पिक’ अशी बोली उघडली. आम्ही पास म्हणालो, त्यांच्या भिडूने ‘तीन किलवर’ सांगितले, आणि उघडणाऱ्याने क्षणाचाही विलंब न लावता ‘चार इस्पिक’ म्हणून बोली मिटवली. उतारी आमची होती. रिवाजाप्रमाणे आम्ही त्या गृहस्थांस विचारले, ‘भिडूच्या तीन किलवरचा अर्थ काय?’ ते म्हणाले, ‘काही नाही हो वकीलसाहेब, साधी बोली, किलवर आहेत.’ त्या शब्दावर विसंबून आम्ही किलवर सोडून चौकटीची उतारी केली. डमी पसरली तो तीत किलवरची दोन लहान पाने आणि इस्पिकची चार! किलवरची उतारी झाली असती तर करार एका हाताने बुडत होता. चौकटीच्या उतारीने बोलीदारास किलवर टाकून देण्याची सवड मिळाली आणि त्याचे दहा हात पुरे झाले.

डाव संपल्यावर आम्ही हरकत घेतली. तेव्हा ते गृहस्थ प्रसन्नपणे म्हणाले, ‘आम्ही पंधरा वर्षे एकत्र खेळतो. तीन किलवर म्हटले की चार इस्पिक आणि बेताचा हात, हे मला ठाऊक. ही आमची आपसांतली समज. ती विरोधकाला कशाला सांगायची?’ मेजाभोवतीची मंडळी हसली. त्या हसण्याविरुद्ध हा लेख आहे.

ब्रिज ज्यांस परिचित नाही अशा वाचकांसाठी दोन शब्द. बावन पत्ते, चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू. खेळापूर्वी लिलाव होतो. पस्तीस बोल्या, शिवाय पास, डबल आणि रीडबल, अशा एकूण अडतीस शब्दांची ही भाषा. तिच्यातून आपली तेरा पाने भिडूस कळवायची आणि किती हात करू याचे वचन द्यायचे. शब्द थोडे आणि सांगायचे फार, म्हणून संकेत ठरवावे लागतात. भिडूने ‘एक बिनहुकूम’ म्हटल्यावर ‘दोन किलवर’ म्हणणे म्हणजे किलवरची मागणी नव्हे, तर ‘तुजपाशी बदामाची वा इस्पिकची चार पाने आहेत काय?’ ही पृच्छा, हा स्टेमनचा संकेत जगभर रूढ आहे. असे संकेत करणे गैर नाही. त्यांवाचून हा खेळच उभा राहत नाही. ह्या खेळाचे नावच मुळी ‘काँट्रॅक्ट’, म्हणजे करार. पूर्वीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोलीपेक्षा अधिक हात झाले तरी ते डावाच्या हिशेबात धरले जात. १९२५ साली अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी बोटीवरील प्रवासात बसवलेल्या गुणपद्धतीने तो लाभ काढून टाकला. जेवढे कबूल केले तेवढेच फळ. (पुणेकरांस एक गोष्ट सांगून ठेवतो : ह्याच तत्त्वाचा एक खेळ काही इंग्रज अंमलदारांनी १९१२ च्या सुमारास पुण्यात रचला होता, असे त्यांपैकी सर ह्यू क्लेटन यांनी नमूद केले आहे. मोठेपणा मात्र बोटीला मिळाला.)

तेव्हा प्रश्न करार असावा की नसावा हा नाही. करार गुप्त असावा काय, हा आहे. खेळाचे नियम ह्याविषयी संदिग्ध नाहीत. भिडूंनी एकमेकांशी केवळ बोली आणि पत्ता यांच्याच द्वारा बोलावे; आणि त्या बोलीचा जो अर्थ भिडूला कळतो तो विचारताच विरोधकालाही कळला पाहिजे. आमच्या त्या गृहस्थांचा बचाव असा की, ‘आम्ही काही ठरवलेले नाही, सहवासाने कळते.’ नियमकारांनी हा बचाव आधीच ओळखून ठेवला आहे : भिडूंमधील समज उघड बोलण्याने झालेली असो की परस्परांच्या अनुभवाने आपोआप बनलेली असो, ती समजच होय आणि ती सांगितलीच पाहिजे. आम्हां वकिलांस ह्यात नवे काही नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या नवव्या कलमात शब्दांनी दिलेले वचन आणि शब्दांवाचून दिलेले वचन, दोहोंसही वचनच म्हटले आहे. पंधरा वर्षांच्या मुक्या वचनाचा लाभ घ्यायचा, आणि विचारल्यावर ते अस्तित्वातच नाही म्हणायचे, ह्याला न्यायालयात जे नाव आहे ते आम्ही येथे लिहीत नाही.

आणि हे घडावे कोठे, तर सुरतेत! ह्या शहराचा सारा व्यवहार भागीदारीवर चालतो. महिधरपुऱ्याच्या रस्त्यावर उभ्याउभ्या कागदाच्या पुडीतला हिरा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तो शब्दावर. हिऱ्यात डाग असता ‘साधा आहे’ म्हणून सांगणाऱ्याची त्या रस्त्यावर काय पत राहील, हे सुरतेच्या कोणत्याही माणसास विचारावे. १९३२ च्या भागीदारी कायद्याने भागीदारांनी एकमेकांस खरा हिशेब व पूर्ण माहिती द्यावी असे तर सांगितलेच; पण नोंदलेल्या पेढ्यांची वहीही ठेवली, आणि ती शुल्क भरून कोणाही परक्यास पाहता येते. ब्रिजच्या स्पर्धांतून प्रत्येक जोडीने आपल्या संकेतांचे कार्ड भरून मेजावर ठेवायचे असते, ते ह्याच जातीचे. दुकानात जो नियम आपण पाळतो तो संध्याकाळी मेजावर बसताच का सुटावा?

आमच्या वाचकांस हा मुद्दा देवळातल्या कौलाच्या दृष्टान्ताने अधिक लवकर पटेल. गोव्यात आमच्या आजोळी देवाच्या मूर्तीस पाकळ्या लावून प्रसाद घेतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हे पुजाऱ्यास ठाऊक, महाजनांस ठाऊक, आणि ज्याचा तंटा आहे त्या दोन्ही पक्षांसही ठाऊक. म्हणून हरलेला पक्षही तीर्थ घेऊन निमूट घरी जातो. आता कल्पना करावी की पुजारी आणि एक महाजन यांनी आपसांत भलतेच काही ठरवून ठेवले आहे. मग त्या चौकात उभे राहण्यात काय अर्थ राहिला?

त्याच देवळाच्या अग्रशाळेत, जत्रेच्या रात्री पालखी आत गेल्यावर, आम्ही मुले मेंढीकोट खेळत असू. कान खाजवला की बदाम, नाक चोळले की किलवर, अशा आमच्या खुणा होत्या. मामांनी एकदा त्या हेरल्या. त्यांनी आम्हांस मारले नाही. पत्ते गोळा करून खिशात घातले आणि इतकेच म्हणाले, ‘खुणो करपाच्यो जाल्यार पत्ते कित्याक?’

कोणी म्हणेल, ब्रिजमध्ये फसवणूक निषिद्धच आहे काय? मुळीच नाही. हातात काही नसताना मोठी बोली करून विरोधकास चकवणे हा खेळाडूचा हक्क आहे. अट एकच : त्या बोलीने भिडूही तितकाच फसला पाहिजे. एकट्याने केलेली हूल म्हणजे धाडस; भिडू जिला आधीच ओळखून बसला आहे ती हूल म्हणजे कट. इतकी सूक्ष्म आणि न्याय्य भेदरेषा आम्हांस फार थोड्या कायद्यांत आढळली आहे.

याहूनही अवघड जागा आहे ती मौनाची. डावीकडच्याने ‘तीन बदाम’ म्हणून वाट अडवली. आपला भिडू दीर्घकाळ विचार करतो, छताकडे पाहतो, आणि पास म्हणतो. उजवीकडचाही पास. आता आपली पाळी. हातात इस्पिकचे राजा, गुलाम, अठ्ठी, चव्वी. बदामाची दोन हलकी पाने. चौकटीचे एक्का, दश्शी, छक्की, तिर्री. किलवरचा गुलाम आणि दोन लहान पाने. भिडू झटकन पास म्हणाला असता तर आपणही बहुधा पास म्हटले असते. परंतु त्या लांबलेल्या विचाराने सांगून टाकले आहे की त्याच्यापाशी काहीतरी आहे, आणि मन म्हणते, डबल द्यावे. नियम म्हणतो, नाही. भिडूच्या संकोचातून मिळालेली माहिती आपली नव्हे. तिचा लाभ कटाक्षाने टाळला पाहिजे. येथे साक्षीदार नसतो. ‘मी तसाही डबल देणारच होतो’ असे कोणीही म्हणू शकतो आणि कित्येकदा स्वतःसही तसे पटवू शकतो. आम्हीही हे केलेले आहे. एकदा तर त्या डबलच्या बळावर डाव जिंकून घरी आलो आणि रात्री जेवताना पत्नीस तो रंगवून सांगितला. तिने भाबडेपणाने विचारले, ‘पण ते इतका वेळ गप्प का बसले होते?’ आमच्यापाशी उत्तर नव्हते.

हे क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी जगाकडे पाहावे. १९६५ साली ब्यूनोस आयर्स येथील जागतिक स्पर्धेत इंग्लंडच्या टेरेन्स रीझ आणि बोरिस शापिरो यांच्यावर आरोप आला की पत्ते धरण्याच्या बोटांवरून ते एकमेकांस बदामाची संख्या कळवतात. जागतिक संघाने त्यांस दोषी ठरवले. लंडनमध्ये सर जॉन फॉस्टर यांच्या चौकशीने १९६६ साली दोष सिद्ध होत नाही असा निर्वाळा दिला. पुरे अर्धे शतक वाद चालला, आणि दोघेही गेले तरी मिटला नाही. २०१५ मध्ये तर युरोपातील अव्वल जोड्या एकामागून एक संशयात सापडल्या. फांतोनी आणि नुनेस या इटालियन जोडीवर पत्ता मेजावर उभा ठेवण्या-आडवा ठेवण्यातून माहिती पुरवल्याचा आरोप होता. क्रीडा लवादाने २०१८ मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून त्यांच्यावरील युरोपीय संघाची बंदी उठवली. मोठ्या स्पर्धांतून १९७५ पासून भिडूंच्या मध्ये पडदा उभा करतात. एकमेकांसमोर बसून खेळायच्या खेळात माणसांमध्ये पडदा! ज्यांना आपसांतली समज गोड वाटते त्यांनी तिचे हे फळ पाहून घ्यावे.

आमच्या समाजातील वडीलधारी मंडळी सभागृहात पत्त्यांस मज्जाव करू पाहतात, तेव्हा आम्हीच पुढे होऊन सर्वोच्च न्यायालयाचा १९६७ चा सत्यनारायण खटल्यातील निर्णय त्यांच्यापुढे ठेवतो. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवताना न्यायालयाने म्हटले की, रमीतील दैव ब्रिजच्या पत्तेवाटपातील दैवाच्याच प्रकारचे आहे. म्हणजे मोजमापाचा गज म्हणून ब्रिजच हाती घेतला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी ह्याच खेळात सुवर्णपदक आणले, तेव्हा त्यांचे वय अनुक्रमे साठ आणि छप्पन होते, हेही आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु वाटप दैवाचे आणि उरलेले कौशल्य चोरीचे, असे झाले तर त्या वडीलधाऱ्यांपुढे आम्ही कोणत्या तोंडाने उभे राहावे?

म्हणून येत्या कार्तिकात समाजाच्या सभागृहात जी स्पर्धा भरावयाची आहे तीत प्रत्येक जोडीने संकेतांचे कार्ड भरूनच बसावे, अशी सूचना आम्ही समितीस लेखी दिली. ती मान्य झाली आहे. परवा ते गृहस्थ आपल्या भिडूसह आमच्या कचेरीत आले आणि भरलेले कार्ड मेजावर ठेवून म्हणाले, ‘बघा वकीलसाहेब, झाले ना तुमच्या मनासारखे?’ ‘एक इस्पिक’नंतरच्या ‘तीन किलवर’चा रकाना कोरा होता. आम्ही आपले पेन त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी भिडूकडे पाहिले.