घर विकत घेतलं, भाडं कोण देणार?

आपल्या इंदापूर-बारामतीच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला होता. लंडनला शिकायला गेलेला आपला पोरगा थेम्स नदीच्या पुलावर उभा होता. अंगात बारामतीच्या बाजारातून घेतलेलं जर्किन, पाठीवर सॅक. खाली लिहिलं होतं, "आज अकरा किलोमीटर चाललो. जय भीम." भराभर निळी हृदयं पडली. मग एका सेवानिवृत्त गृहस्थांनी लिहिलं, "समाजाच्या पैशावर फिरायला गेलाय का शिकायला? बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत होते." त्यावर तीन-चार जणांनी अंगठे दिले. संध्याकाळपर्यंत पोराने फोटो काढून टाकला.

हा लेख त्या अंगठ्यांसाठी आहे.

तो अकरा किलोमीटर का चालला, हे ग्रुपवर कोणी विचारलं नाही. मी फोन करून विचारलं. बसचे पैसे वाचवायला चालला होता. शिष्यवृत्ती मंजूर झाली होती, गावात फ्लेक्स लागला होता, विहारात शाल देऊन सत्कारही झाला होता. निर्वाहभत्त्याचा पहिला हप्ता मात्र खात्यावर आला नव्हता. कोणत्या कचेरीत कागद अडला होता ते इथे लिहीत नाही, कारण एका टेबलापुरतं हे दुखणं नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याला आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड आधीच भरावे लागतात, तिकीट वेगळं. आईने बचत गटातून उचल घेतली, मामाने गाय विकली. ती आई कालव्याकाठच्या दुसऱ्याच्या उसात खुरपायला जाते. "समाजाचा पैसा" म्हणतात तो हा.

आता खोलीचं ऐका. तिथे ओळखीचा स्थानिक जामीन नसेल तर अनेक घरमालक सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे. विद्यापीठाच्या वसतिगृहाला अनामत भरायला पैसे नव्हते, म्हणून पोरगा भारतीय मुलांच्या एका घरात वाटून राहिला. पहिल्याच रात्री प्रश्न आला, "पूर्ण नाव काय?" नावावरून उमगेना, तेव्हा "गावाकडे शेती किती?" मग "आमच्याकडे स्वयंपाकघरात नॉनव्हेज चालत नाही हं." सात समुद्र ओलांडून पोरगा गेला आणि जाऊन पोहोचला कुठे, तर परत वेशीबाहेर. हप्ता वेळेवर आला असता तर त्या घराची पायरी त्याला चढावीच लागली नसती. विलंब म्हणजे नुसती गैरसोय असं ज्यांना वाटतं त्यांनी यावर विचार करावा. पैसा उशिरा आला की आपलं पोर थेट जातीच्या तावडीत जातं.

राहिले अठरा तास. बाबासाहेबांचंच उदाहरण घेऊ. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीचा करार ४ जून १९१३ रोजी झाला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले. तारखांचा क्रम बघा: आधी करार, मग बोट. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये ते उतरले, तिथलं जेवण मानवेना म्हणून आठवडाभरात बाहेर पडले. ११४व्या रस्त्यावर कॉस्मोपॉलिटन क्लबच्या जागेत काही भारतीय विद्यार्थी राहत होते, तिथे गेले. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भाथेना या पारशी मित्राबरोबर राहिले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. खोली पटली नाही तर बदलण्याची ही मुभा बाबासाहेबांना होती, कारण पैशाची सोय बोटीत बसण्याआधी लागली होती. आपल्या पोराला ती नव्हती.

बाबासाहेबांनी अफाट अभ्यास केला, त्यात वाद नाही. पण त्यांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे २००० जुनी पुस्तकं घेतली असं चरित्रकार सांगतात. ही पुस्तकं वसतिगृहाच्या दारात कोणी आणून टाकली नव्हती. जुन्या पुस्तकांची दुकानं पायी पालथी घातल्याशिवाय एवढा संग्रह होत नाही. आणि 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये ते काय सांगतात? युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती. ती नुसती ग्रंथालयात बसून पुसली जात नाही. ज्या रस्त्यावर कोणी अंग चोरत नाही त्या रस्त्याने चालावं लागतं, ज्या खानावळीत कोणी कप वेगळा ठेवत नाही तिथे बसावं लागतं. त्यानंतर १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर आले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी विश्रामगृहात उतरले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. न्यूयॉर्कमध्ये त्यांना तीन ठिकाणी खोली मिळाली होती. बडोद्यात, शिष्यवृत्ती देणाऱ्याच संस्थानात, एक मिळाली नाही.

एम.ए.ला आम्हाला बोर्द्यूचं सांस्कृतिक भांडवल शिकवलं होतं. परीक्षेत मी उत्तर बरं लिहिलं, पण ते कळलं या व्हॉट्सअॅपवर. बागायतदाराचा मुलगा युरोप हिंडून आला की त्याला 'एक्स्पोजर' मिळतं, आपला पुलावर उभा राहिला की ती मौजमजा. हा भेद त्यांनी केला तर समजू शकते. आपणच करायला लागलो, याचं दुःख आहे.

आणि ज्यांना जाब विचारायचा त्यांना आपण विचारत नाही. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनला ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये कोट्यवधी रुपयांना घेतलं. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्याला माझा विरोध नाही, कधी गेले तर चपला काढून आत जाईन. पण लंडनमध्ये घरमालकिणीच्या अपुऱ्या जेवणामुळे रात्री पापड भाजून भूक मारणाऱ्या विद्यार्थ्याचं ते स्मारक आहे. त्याच शहरात आजचा विद्यार्थी भाड्यासाठी ताटकळतो. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२५ मध्ये १०६ जण निवडले गेले. सुरुवातीला पत्रं मिळाली ४० जणांना. बाकीच्या ६६ जणांना सांगितलं, निधी असेल तर बघू. त्याच योजनेने २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात 'कास्ट्स इन इंडिया' वाचणारा विद्यार्थी या नियमात बसला नसता. घराला हार घालायचा आणि त्या घरात राहिलेल्याच्या विषयाला दार बंद करायचं, याला काय म्हणायचं?

आपली मागणी मोठी नाही. तिकीट, व्हिसाचा खर्च, अनामत आणि तीन महिन्यांचा निर्वाहभत्ता विमानात बसण्याआधी खात्यावर आला पाहिजे. १९१३ मध्ये एका संस्थानाला जमलं ते आज राज्याला आणि केंद्राला जमू नये? तोवर आपल्या दोन तालुक्यांत एवढं करू: फ्लेक्सचे पैसे अनामतीसाठी बिनव्याजी द्यायचे. फ्लेक्स चार दिवसांत उन्हाने फाटतो आणि त्यावर पोरापेक्षा पुढाऱ्यांचेच चेहरे मोठे असतात.

निवेदन तयार आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर इंदापूरच्या विहारात सह्यांसाठी बसणार आहे. त्या गृहस्थांनी आणि अंगठे देणाऱ्यांनीही यावं. पोराला मी फोटो परत टाकायला सांगितलंय.